‘येऊर फेसिंग’चे जादा पैसे नेमके कशाचे?

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमध्ये एकाच मजल्यावर दोन टूबीएचके विकायला आहेत असं धरा. कार्पेट एरिया तोच, लिफ्ट त्याच, मेंटेनन्स तोच, स्टेशन गाठताना होणारा वैतागही तोच. एकाची बाल्कनी येऊरच्या जंगलाच्या डोंगराकडे उघडते, दुसऱ्याची हायवेकडे. हायवेकडच्या फ्लॅटचा भाव एजंट एका दमात सांगून टाकतो. डोंगराकडच्याचा सांगायच्या आधी तो तुम्हाला बाल्कनीत नेतो, दोन मिनिटं उभं करतो आणि मग म्हणतो, "साहेब, येऊर फेसिंग आहे. दहा लाख वर जातील." घासाघीस केली तर त्यातले दोन सुटतील, आठ सुटणार नाहीत.

हे आठ लाख कशाचे? झाडांचे म्हणावेत तर झाडं वनखात्याची. हवेचे म्हणावेत तर हवा दोन्ही बाल्कन्यांत जवळपास सारखीच. नजाऱ्याचे असं उत्तर बहुतेक जण देतात. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. माझ्या मते या रकमेतला मोठा हिस्सा एका भरवशाचा असतो: समोर उद्या अठ्ठावीस मजली इमारत उभी राहणार नाही, हा भरवसा. हिरवाईमुळे घराची किंमत वाढते का, या प्रश्नाचं उत्तर ठाणे आणि नवी मुंबईत तरी या भरवशाच्या अंगानेच शोधावं लागतं. ती जमीन कुणाची आहे, कोणत्या कायद्याखाली येते आणि किती वर्षं तशीच राहील, यावर बराचसा भाव ठरतो. झाडं किती दाट आहेत हा त्यानंतरचा मुद्दा.

आधी हा जादा भाव मोजतात कसा, ते पाहू.

लॉजमध्ये थाळी १८० रुपयांना मिळते. तिच्यातल्या श्रीखंडाच्या वाटीचा भाव कार्डावर लिहिलेला नसतो, कारण वाटी सुटी मिळतच नाही. पण शेजारच्या खानावळीत तशीच थाळी श्रीखंडाविना १५० ला असेल, तर वाटीचा भाव तीसच्या आसपास आहे हे कळतं. एकाच जोडीवर भरवसा ठेवू नये, कारण शेजारच्याची भाजीच बेचव असेल. शंभर लॉजच्या थाळ्या पाहिल्या, कुठे किती भाज्या, कुठे पुरी, कुठे चपाती हे सगळं नोंदवलं, तर श्रीखंडाचा सरासरी भाव बऱ्यापैकी नेमका काढता येतो. घरांचंही तसंच आहे. खिडकीतून दिसणारा डोंगर सुटा विकत मिळत नाही, तो फ्लॅटबरोबरच घ्यावा लागतो. म्हणून शेकडो व्यवहार घ्यायचे, प्रत्येकात क्षेत्रफळ किती, मजला कितवा, इमारत किती जुनी, स्टेशन किती लांब, बाग किती लांब हे लिहायचं आणि गणिताने एकेका गुणाचा वाटा वेगळा काढायचा. या पद्धतीला हेडॉनिक प्रायसिंग म्हणतात. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ शेर्विन रोझेन यांनी १९७४ मध्ये तिची पक्की सैद्धांतिक मांडणी केली आणि आज जगभर घरांच्या भावांचा अभ्यास मुख्यतः याच वाटेने होतो.

आपल्याकडे अडचण माहितीची आहे. दस्त नोंदणीनंतर मिळणाऱ्या सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे सगळे ज्याला इंडेक्स टू म्हणतात त्यात, व्यवहाराची रक्कम असते, क्षेत्रफळ असतं, फ्लॅटचा नंबर असतो. बाल्कनी कुठल्या दिशेला उघडते हे त्यात कुठेच नसतं. रेडी रेकनरचे, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने धरलेले दर विभागवार ठरतात. वरच्या मजल्यांसाठी त्यात वाढ धरतात, पण बागेकडे तोंड असलेल्या खिडकीचा रकाना तिथेही नाही. म्हणजे त्या दोन फ्लॅटचं सरकारी मूल्य एकच आणि बाजारातला भाव वेगळा. हा फरक एजंटच्या डोक्यात असतो, बँकेच्या व्हॅल्युअरच्या शेऱ्यात थोडाफार असतो, आणि बिल्डरच्या कॉस्ट शीटमध्ये ‘पीएलसी’ (प्रेफर्ड लोकेशन चार्ज, म्हणजे मोक्याच्या जागेचं जादा शुल्क) नावाच्या ओळीत तर चक्क छापलेला असतो. फ्लोअर राइज, गार्डन फेसिंग, कॉर्नर फ्लॅट अशा नावांनी प्रत्येक चौरस फुटामागे काही रुपये लावलेले असतात. नव्या प्रकल्पात ही ओळ जरूर पाहावी. बिल्डरने स्वतः लावलेला तो हिरवाईचा भाव असतो.

बाहेरच्या देशांत काय दिसलं? सगळ्यात जुना प्रसिद्ध दाखला न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा. पार्कचे एक रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी १८५६ ते १८७३ या काळातला हिशेब मांडला. पार्कला लागून असलेल्या तीन वॉर्डांत मालमत्तांच्या किमती शहराच्या इतर भागांपेक्षा कितीतरी वेगाने वाढल्या होत्या, आणि त्यातून मिळालेल्या जादा करात पार्कच्या कर्जाचं व्याज फिटून वर पैसे उरत होते. पुढे टेक्सासमधले प्राध्यापक जॉन क्रॉम्प्टन यांनी अमेरिकेतले असे बरेच अभ्यास एकत्र तपासले. शांत, झाडांनी भरलेल्या मोठ्या बागेला अगदी लागून असलेल्या घरांसाठी सुमारे २० टक्के वाढ हा अंदाजाला सुरुवात करण्यापुरता आकडा त्यांनी सुचवला. तो अमेरिकेतल्या बैठ्या घरांचा आहे, ठाण्याच्या टॉवरला तसाच चिकटवू नये. त्यातून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. हा परिणाम अंतराबरोबर झपाट्याने ओसरतो. बहुतेक वाढ पहिल्या दीडशे मीटरमध्ये संपते. बाग मोठी असली तर सहाशे मीटरपर्यंत काहीतरी जाणवतं, त्यापुढे जवळपास काही नाही. ‘उपवन तलावापासून दहा मिनिटांवर’ असं जाहिरातीत लिहिलं असेल आणि ती दहा मिनिटं गाडीची असतील, तर त्या ओळीचे पैसे देऊ नका.

क्रॉम्प्टन यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. खेळाच्या मैदानांना, फ्लडलाइटना, गर्दीला अगदी खेटून असलेल्या घरांना फायदा कमी होतो, कधी तोटाच होतो, आणि एक-दोन गल्ल्या आत असलेली घरं मात्र फायद्यात राहतात. बाल्टिमोरमधला २००८ चा एक अभ्यास तर सांगतो की ज्या वस्तीत गुन्हेगारी एका मर्यादेपुढे जाते तिथे बागेजवळची घरं उलट स्वस्त होतात. हे ठाणेकराला समजावून सांगावं लागणार नाही. दिवाळी पहाटेला तलावपाळीच्या आसपास राहणाऱ्याला विचारा, किंवा रविवारी संध्याकाळी उपवनच्या रस्त्यावर स्वतःच्याच इमारतीत गाडी घालता येते का ते पाहा.

याच्या उलट कचराळी तलाव पाहा. पाचपाखाडीत, महापालिकेच्या मुख्यालयासमोर. पहाटे साडेपाचला तिथे पाण्याभोवतीच्या वाटेवर गोल सुरू होतो. काका लोकांचा एक घोळका राजकारणावर, एक गुडघ्यांवर, बायकांचा एक शेअर बाजारावर. आठला सगळं आटोपतं. आवाज नाही, खाऊगल्लीचा पसारा नाही, स्टेशन रिक्षाने जवळ. इथे हिरवाईचा भाव पाहण्याचा कमी आणि वापरण्याचा जास्त आहे. म्हणून तो तलावाकडे खिडकी नसलेल्या मागच्या गल्लीतल्या इमारतीलाही मिळतो. येऊरचं नेमकं उलट. डोंगर दिसतो, पण जंगलात रोज सकाळी फिरायला जाणारे थोडेच. तिथे भाव खिडकीचा आहे. त्याच इमारतीतल्या मागच्या बाजूच्या फ्लॅटला त्यातलं फारसं काही मिळत नाही. एकाच शहरातल्या दोन ‘हिरव्या’ जागा दोन वेगवेगळ्या पद्धतीने भाव वाढवतात, आणि सरसकट ‘ग्रीन प्रीमियम’ म्हणून एकच टक्केवारी सांगणाऱ्याला हा फरक माहीत नसतो किंवा सांगायचा नसतो.

कोणाचं हिरवं?

आता भरवशाकडे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आणि येऊर त्याचा ठाण्याकडचा भाग. राष्ट्रीय उद्यानाची हद्द बदलायची तर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. शिवाय उद्यानाभोवतीचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र डिसेंबर २०१६ मध्ये अधिसूचित झालं, त्यामुळे कडेच्या पट्ट्यातल्या बांधकामावरही निर्बंध आले. म्हणजे डोंगराकडच्या बाल्कनीपुढे काही उभं राहण्याची शक्यता अगदी कमी. असा भरवसा मुंबई महानगरात दुसरीकडे कुठे मिळतो? खाडीकाठी. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा पट्टा २०१५ मध्ये जाहीर झाला, २०२२ मध्ये ठाणे खाडी महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटीची तोड थांबवली, तिच्याभोवती पन्नास मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. ऐरोली, वाशी, नेरुळच्या खाडीकडच्या खिडक्यांना या निकालाने फुकटात विमा मिळाला. एजंट ‘क्रीक व्ह्यू’ म्हणून विकतो त्यातला व्ह्यू निसर्गाचा, पण त्याचा टिकाऊपणा कोर्टाचा.

जंगलाशी जवळीक मात्र कागदावर उलटूही शकते, हे ठाणे आणि मुलुंडच्या लोकांनी अनुभवलंय. १९७५ च्या खासगी वने संपादन कायद्याचा आधार घेऊन, १९५०-६० च्या दशकांतल्या जुन्या नोटिसांवरून, २००६ च्या सुमारास अनेक जमिनींच्या सात-बारावर ‘खासगी वन’ अशा नोंदी झाल्या. त्या जमिनींवर इमारती उभ्या होत्या, लोक राहत होते, कर्जाचे हप्ते चालू होते. एका फेरफाराने त्या घरांची विक्री अडली, दुरुस्तीच्या परवानग्या अडल्या, बँका मागे सरल्या. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या जुन्या नोटिसांच्या आधारे जमीन वन ठरत नाही असा निकाल दिला तेव्हा रहिवाशांचा जीव भांड्यात पडला. खिडकीबाहेरचं झाड किंमत वाढवतं हे खरं, पण सात-बारावर लिहिलेलं जंगल ती शून्यावर आणू शकतं.

सगळ्यात फसवं हिरवं म्हणजे मोकळा प्लॉट. साइटवर सॅम्पल फ्लॅट बघायला गेलात की समोर गवताचा गालिचा दिसतो, त्यावर दोन छत्र्या, एक लाकडी बाक, कडेला पाम. सेल्सवाली मुलगी गोड बोलते, कॉफी देते. त्या गालिच्यावर पुढच्या टप्प्यातला टॉवर मंजूर असेल, तर तुमचा ‘गार्डन फेसिंग’ फ्लॅट तीन वर्षांनी ‘शेजाऱ्यांचं किचन फेसिंग’ होतो. हे शोधणं आता पूर्वीइतकं अवघड नाही. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा मंजूर लेआउट टाकलेला असतो. तो उघडून साइटवरच्या लॉनच्या जागी काय दाखवलंय ते पाहायचं. रेरा कायद्याच्या चौदाव्या कलमानुसार मंजूर आराखड्यात मोठा बदल करायचा तर बिल्डरला दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती लागते, आणि बाराव्या कलमात खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरलेल्याला भरपाईची तरतूद आहे. या कलमांचा आधार घ्यायचा असेल तर ब्रोशर जपून ठेवा. ताबा मिळाला की लोक ते रद्दीत घालतात.

प्लॉट बिल्डरचा नसून समोरचा, तिसऱ्याच कुणाचा असेल तर विकास आराखडा पाहावा लागतो. तिथे ‘उद्यान’ किंवा ‘क्रीडांगण’ असं आरक्षण असलं की लोक निर्धास्त होतात. घाई करू नये. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या १२७ व्या कलमानुसार आरक्षित जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरही ठरलेल्या मुदतीत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण गळून पडतं. महापालिकेकडे पैसे नसले की नेमकं हेच होतं. कागदावर बाग, जमिनीवर कुंपण आणि मालकाच्या कपाटात नोटीस, अशी स्थिती असेल तर त्या हिरव्याला भाव देण्यात अर्थ नाही. उलट महापालिकेच्या ताब्यात आलेली, बांधून खुली झालेली बाग भक्कम. कोलशेतला खासगी विकासकाकडून उभारून घेतलेलं वीस एकरांचं सेंट्रल पार्क २०२४ मध्ये खुलं झालं. आता ते नुसतं आरक्षण राहिलेलं नाही, चालती सार्वजनिक जागा आहे, आणि आसपासचे एजंट ते सांगितल्याशिवाय एकही वाक्य पुरं करत नाहीत.

सोसायटीच्या आतली हिरवाई हा आणखी वेगळा प्रकार. २०२० च्या राज्यव्यापी युनिफाइड डीसीपीआर या बांधकाम नियमावलीप्रमाणे चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. ती कुठे ठेवली यावर बरंच अवलंबून आहे. मुंबईच्या एका प्रकरणात डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठणकावलं होतं की सक्तीची मोकळी जागा जमिनीवर हवी, पोडियमवर दाखवून चालणार नाही. कारण साधं आहे. पोडियमवर मातीचा थर जेमतेम दोन-तीन फुटांचा, खाली पार्किंगचा स्लॅब. तिथे आंबा-वड होत नाहीत. पाम, चाफा आणि कुंडीतली बोगनवेल यांच्यावर भागवावं लागतं. वरून दिलेलं पाणी काही वर्षांनी खालच्या गाड्यांवर ठिबकायला लागतं, आणि मग एजीएममध्ये वॉटरप्रूफिंगचं कोटेशन येतं. घोडबंदर रोडवर तर उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या सोसायट्या कमी नाहीत. विकत घेतलेल्या पाण्यावर जगणारं लॉन रीसेलच्या फोटोत छान दिसतं, पण त्याचं मेंटेनन्स बिल नव्या मालकाकडे जातं. जमिनीत मुळं गेलेल्या पन्नास वर्षांच्या चार शिरीष झाडांपुढे अशा पोडियमची किंमत मी तरी निम्मीही धरणार नाही. पोखरण रोडवरच्या जुन्या कारखान्यांच्या जागी झालेल्या वसाहतींत अशी झाडं अजून दिसतात. ती कुणी बिल्डरने लावलेली नाहीत.

पार्कमुळे वाढलं की मेट्रोमुळे?

नवी मुंबईचं चित्र वेगळं, कारण तिथे बहुतेक जमीन एकाच संस्थेच्या हातातून आली. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने सेक्टर पाडताना बागा, मैदानं आणि धारण तलाव आधीच आखले. हे तलाव शोभेसाठी नव्हते. शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीखालच्या जमिनीवर भर टाकून उभा केलेला. भरतीच्या वेळी पाऊस कोसळला तर पाणी खाडीत जाऊ शकत नाही, ते तोवर साठवायला हे तलाव. ओहोटी लागली की दारं उघडतात आणि पाणी निघून जातं. नेरुळच्या अशाच एका तलावाभोवती महापालिकेने ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ फुलवलं आणि तो सकाळच्या फेरीची जागा झाला. अशा तलावाशेजारच्या घराला दोन फायदे असतात. नजारा दिसतो आणि तळमजल्यात पाणी शिरण्याची शक्यता घटते. दुसरा फायदा कुठल्याही जाहिरातीत नसतो, कारण ‘आमच्याकडे पाणी भरू शकतं’ हे आधी कबूल करावं लागेल.

तीच पाणथळ दुर्लक्षित झाली की काय होतं, हे नेरुळच्या डीपीएस तलावावर दिसलं. २०२४ च्या उन्हाळ्यात भरतीच्या पाण्याची वाट अडली, तलाव सुकू लागला, आणि ज्या फ्लेमिंगोंमुळे तिथली घरं ‘फ्लेमिंगो व्ह्यू’ म्हणून विकली जातात ते मरून पडायला लागले. घरातला रंग उडाला तर मालक लावतो. इथे बिघाड दुसऱ्याच्या जमिनीवर, निर्णय तिसऱ्याच्या हातात आणि किंमत मात्र खिडकीच्या मालकाची.

खारघर या विषयाचा सगळ्यात चांगला धडा आहे. सिडकोने तिथलं सेंट्रल पार्क २०१० मध्ये खुलं केलं. शेजारी गोल्फ कोर्स, मागे डोंगर, पावसाळ्यात पांडवकडा धबधबा. पार्काभोवतीच्या सेक्टरांत भाव वाढले, हे कुणीही सांगेल. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली आणि तिचं एक स्टेशन नेमकं सेंट्रल पार्क. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं, डिसेंबरपासून विमानंही उडू लागली. आता पार्कसमोरच्या फ्लॅटचा भाव २०१० पासून तिप्पट झाला असं कुणी म्हणालं, तर त्यातलं पार्कचं किती? वाढीचा नुसता आकडा पाहून हे कळणं अशक्य. तुलना हवी: त्याच मेट्रो स्टेशनपासून तेवढ्याच अंतरावरच्या, तेवढ्याच जुन्या, पण पार्कपासून लांब असलेल्या इमारतींशी. त्या तिपटीऐवजी अडीचपट झाल्या असतील, तर पार्कचा वाटा त्या उरलेल्या फरकापुरता. ब्रोशरमधला ‘पार्कमुळे भाव तिप्पट’ हा दावा आणि अभ्यासकाचं उत्तर यांत एवढं अंतर पडतं.

ठाण्यात गोंधळ उलट्या दिशेने होतो. डोंगराच्या पायथ्याच्या इमारती बहुतेक नव्या आणि चांगल्या बांधणीच्या, पण स्टेशनपासून लांब. नवेपणा भाव वर ढकलतो, अंतर खाली ओढतं आणि डोंगराचा वाटा मध्येच कुठेतरी लपतो. म्हणूनच सुरुवातीचे ते दोन फ्लॅट, एकाच टॉवरमधले, एकाच मजल्यावरचे, इतके कामाचे आहेत. बाकी सगळं सारखं असलेली जोडी बाजार क्वचितच देतो. सापडली तर ती एका सर्वेक्षण अहवालापेक्षा जास्त सांगते.

शांत कडेलाही कायमची हमी नसते. टिकुजिनीवाडी हे वर्षानुवर्षं शहराचं टोक, जंगलाला लागून. आता ठाणे-बोरिवली जोड बोगदा तिथून सुरू होणार आहे, एकूण प्रकल्प सुमारे ११.८ किलोमीटरचा. डोंगर जागेवरच राहील, बोगदा त्याच्या पोटातून जाईल. पण तोंडाशी राहणाऱ्यांना काही वर्षं धूळ आणि डंपर, आणि नंतर वाहनांची रांग. मानपाड्याच्या पलीकडे राहणाऱ्याला मात्र बोरिवली पंधरा-वीस मिनिटांवर येईल. म्हणजे एकाच बोगद्याने एका गल्लीतल्या घरांचा भाव दबेल आणि दुसऱ्या गल्लीतल्यांचा चढेल, दोन्हीकडून दिसणारं जंगल तेच असताना. जंगलाचे पाहुणेही आहेतच. वसंत विहारकडे माकडं स्वयंपाकघरात शिरणं नवीन नाही, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये समतानगरच्या कोरम मॉलच्या पार्किंगमध्ये शिरलेला बिबट्या नंतर जवळच्या हॉटेलच्या तळघरात पकडला गेला, हे ठाण्यात अजून रंगवून सांगतात. भाव पाडण्याइतकं त्याचं कुणी मनावर घेतल्याचं मात्र दिसत नाही. उलट एजंट हा किस्सा स्वतःहून सांगतात.

फायदा कुणाच्या खिशात

हिरवाईचा भाव खरा आहे की फुगवलेला, हे तपासायला एक सोपी परीक्षा आहे: भाडं विचारा. भाडेकरू आजच्या सुखाचे पैसे देतो, पंधरा वर्षांनी समोर काय असेल याचे नाही. डोंगराकडच्या आणि हायवेकडच्या फ्लॅटच्या भाड्यात हजार-दोन हजारांचा फरक असेल आणि विक्रीच्या भावात दहा लाखांचा, तर गणित करून पाहा. महिन्याचे दोन हजार म्हणजे वर्षाचे चोवीस हजार. दहा लाखांवर बँकेतल्या साध्या ठेवीचं व्याजही त्याहून दुपटीच्या वर जातं. उरलेला फरक तुम्ही भविष्यावर लावत आहात. राष्ट्रीय उद्यान किंवा खारफुटी असेल तर तो डाव बरा. आरक्षित प्लॉट किंवा फेज टूचं लॉन असेल तर तो नुसता जुगार.

शेवटी थोडं न आवडणारं. बाग सगळ्यांच्या करातून होते, पण वाढलेला भाव कडेच्या शे-दोनशे घरांच्या मालकांना मिळतो. ओल्मस्टेडच्या हिशेबात ही वाढ कराच्या रूपाने शहराकडे परत येत होती, म्हणूनच तो हिशेब जमला. ठाणे आणि नवी मुंबईत मालमत्ता कर भाडेमूल्यावर आधारलेल्या करयोग्य मूल्याने लागतो. समोर बाग झाली म्हणून त्या इमारतीचा कर आपोआप चढत नाही. भाडेकरूचं भाडं मात्र पुढच्या अकरा महिन्यांच्या करारात चढतं. आणि ज्यांना सावलीची सगळ्यात जास्त गरज, त्या किसननगर, लोकमान्यनगरच्या चाळी-इमारतींच्या दाटीत बागेसाठी जमीनच उरलेली नाही. तिथे क्लस्टर योजनेचे, म्हणजे जुन्या इमारतींच्या एकत्रित पुनर्विकासाचे नकाशे बनताना मोकळी जागा नकाशाच्या कोपऱ्यात ढकलली जाते की मधोमध येते, यावर दहा वर्षांनी तिथल्या घरांचे भाव बरेच ठरतील. येऊरच्या पाड्यांवर राहणाऱ्या आदिवासींना तर या सगळ्या हिशेबात जागाच नाही. ज्या जंगलाचा नजारा खाली लाखांनी विकला जातो, त्यात ते पिढ्यानपिढ्या राहतात आणि घर दुरुस्तीच्या परवानगीसाठी कार्यालयांचे उंबरे झिजवतात.

घर बघायला जाणार असाल तर एजंटने बाल्कनीत उभं केल्यावर दोनच प्रश्न विचारा: ही समोरची जमीन कुणाची, आणि तिचा झोन दाखला मिळेल का? झोन दाखला महापालिकेच्या नगररचना विभागातून अर्ज करून मिळतो. त्यावर जमिनीचा वापर आणि आरक्षण लिहिलेलं असतं. सोबत सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा, फेरफारांसकट, विशेषतः डोंगराच्या कडेला. मग एकदा रविवारी संध्याकाळी आणि एकदा मे महिन्यातल्या दुपारी तिथे जाऊन या. टोकन त्यानंतर.